पापणीच्या आतला रंग

मेंढरू बरं आहे की नाही, हे त्याच्या तोंडाकडं बघून कळत नाही. त्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आत बघावं लागतं. आत लालभडक असलं तर काळजी नाही. गुलाबी असलं तर चार दिवसांनी परत बघायचं. पांढरं फटक दिसलं तर उशीर झालेला असतो. हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं, आणि तेही नातीच्या वयाच्या एका डॉक्टरीणबाईकडून. तोवर मला जनावरांतलं सगळं कळतं, अशी छाती काढून मी या डोंगरात फिरत होतो.

माझी शाळा चौथीपर्यंत, आणि चौथीही पुरी नाही. मास्तरांनी एकदा न केलेल्या खोडीबद्दल मारलं, तेव्हा पाटी तिथंच ठेवून घरी आलो तो परत गेलो नाही. बाप समजावून थकला. मी एकदा नाही म्हटलं की नाही, हे तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे. बायकोला तर फार चांगलं माहीत होतं.

आमचं घर वेल्ह्याच्या डोंगरात, पासली गावाच्या वरच्या अंगाला. खाली भाताची खाचरं, घरामागं उघडा कातळ, त्याच्या वर रान. हा मेंढरांचा मुलूख नाही. चार महिने पाऊस उघडीप देत नाही. म्हशी, शेळ्या कशाबशा तग धरतात, पण मेंढरू लोकरीसकट भिजतं, खुरं कुजतात, हगवण लागते आणि एक दिवस पाय ताणून पडतं. मेंढरं पूर्वेच्या कोरड्या रानातल्या धनगरांची. दिवाळी झाली की ते कळप घेऊन यायचे, घाटानं कोकणात उतरायचे आणि वैशाखात, पावसाच्या आधी, याच वाटेनं माघारी जायचे. जातायेता आमच्या खाचरांत मेंढरं बसवायचे. म्हणजे कळप दोन-चार रात्री शेतात राहायचा, लेंड्यांचं खत जमिनीला मिळायचं आणि त्यांना आमच्याकडून भात-नाचणी. ही रीत माझ्या आज्याच्या वेळेपासूनची.

पंचवीसेक वर्षांमागं असाच एक कळप आमच्या खाचरात बसला होता. निघायच्या दिवशी सकाळी एक धनगरीण काखेत काळं कोकरू घेऊन आमच्या दारात आली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "अक्का, ह्या पाटीचा पाय वाकडा हाय. घाट उतरायची न्हाई. तुमी ठेवा. जगली तर तुमची, न्हाई तर कुत्र्याची."

मी ओसरीवरनंच म्हणालो, "आमच्या पावसात मेंढरू जगतंय व्हय?"

"आवो, तुमी जगताय की," ती म्हणाली आणि दोघी बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

ती पाट, म्हणजे मादी कोकरू, जगली. चुलीच्या उबेला वाढली, मोठी झाली, आणि पुढं दरवर्षी कळप खाचरात बसला की धनगरांचा मेंढा तिला लागायचा. पिल्लं व्हायची. काही पहिल्याच पावसात मरायची, काही राहायची. राहिलेल्यांची पुढं पिल्लं. सगळी काळी, बुटकी, पोटाखाली केस लोंबणारी. मी त्यांच्यात कधी हात घातला नाही. भात माझं, म्हशी माझ्या, आणि मेंढरं तिची, अशी वाटणी आपोआप झाली होती.

तिच्या दोन रीती होत्या आणि दोन्ही मला खुळचट वाटायच्या. एक म्हणजे पावसाळ्यात ती मेंढरं सकाळी सोडतच नसे. दिवस चांगला वर येऊन वाऱ्यानं गवत जरा सुकलं की मग सोडायची, आणि तीही बांधाच्या मऊ हिरव्या गवतात नाही, घरामागच्या कातळावर. तिथं काय, फटीफटीतनं उगवलेलं खरखरीत गवत. दुसरी रीत याहून अवघड. पावसात एखाद्या मेंढीच्या हनुवटीखाली पाण्याची पिशवी लोंबल्यागत सूज आली की ती मेंढी आणि तिची पिल्लं ती पुढच्या बाजाराला काढून टाकायची. कितीही गुणाची असो.

एकदा मी भांडलोच. "अगं, दोन दोन पिल्लं देणारी मेंढी. नुस्ती हनुवटी सुजली म्हणून काढतीस? चार दिवसानं उतरंल की सूज."

"उतरंल. पण तिची लेक बी सुजंल."

"तू काय डागदर लागून गेलीस?"

"न्हाई. पण म्या रोज त्यांच्यात आस्ते. तुमी नसता."

मी विषय तिथंच सोडला. बरोबर होतं म्हणून नव्हे. मेंढरांसाठी बायकोशी किती वेळ भांडायचं, म्हणून.

चार वर्षांमागं उन्हाळ्यात ती गेली. तीन दिवस ताप, भोरच्या दवाखान्यात दोन दिवस, संपलं. तेराव्याला आलेला मुलगा म्हणाला, "आबा, मेंढरं इका आणि पुण्याला चला." मी म्हणालो, येणार नाही. त्यानं परत विचारलं नाही. माझाच मुलगा तो. मोबाईल दिला, चार्जिंग कसं करायचं ते दाखवलं आणि गेला. रविवारी फोन करतो.

मेंढरांचं मात्र वेगळंच होतं. मी गोठ्यात शिरलो की सगळी काळी तोंडं वर व्हायची, पण माझ्याकडं नाही. माझ्या मागं, दाराकडं. मी हाक मारली तरी तिकडंच. खायला टाकलं तर खायची, पण माझ्या हातातलं नाही. दोन वर्षं गेली तरी तेच. रोज सकाळ-संध्याकाळ डझनभर जनावरं आपल्या खांद्यावरून दुसऱ्याच कुणाला शोधतात, हे सोसायला कठीण जातं. मी कुणाला बोललो नाही. बोलायला कोण होतं?

दोन वर्षांमागं फाल्गुनात मी एका बाजारात एक मेंढा बघितला. सांगलीच्या अंगाला होते ती माडग्याळी जात. अंग पांढरं, त्यावर तांबडे डाग, नाक पोपटासारखं बाकदार, कान लांब, उंची माझ्या कमरेला. शेजारी तसल्याच चार मेंढ्या. आमची काळी त्यांच्यापुढं उंदरासारखी दिसली असती. विकणारा माणूस सरळ होता. त्यानं विचारलं, "बाबा, तुमच्याकडं पाऊस किती पडतो?"

"बेताचा," मी म्हणालो.

वेल्ह्याच्या डोंगरातल्या माणसानं असं सांगावं! पण त्या मेंढ्यानं तेवढ्यात माझ्या तळहाताला नाक लावलं होतं आणि मला तो हवाच होता.

जागेसाठी काळी सगळी एकदम काढली. बहुतेक खाटकाच्या टेम्पोत चढली. एक तरणा काळा मेंढा भाटघरच्या एका बाईनं नेला. जाताना तिनं आपलं घर धरणाच्या भिंतीजवळ आहे असं सांगितलं, ते उगाच कानात राहिलं. एक कान फाटलेली म्हातारी मेंढी कुणीच घेतली नाही, म्हणून ती परत आली.

त्या उन्हाळ्यात मी खूश होतो, हे कबूल केलं पाहिजे. वाडीतली माणसं बघायला यायची. एकानं विचारलं, "काय नाना, घोडी आणली का?" मी म्हणालो, "बसून बघ की." त्यातल्या एका मेंढीच्या डाव्या डोळ्याभोवती तांबडा डाग होता. ती तर माझ्या पायांतच असायची. मी ओसरीवर बसलो की ही पायरीवर. मी चुलीपुढं गेलो की ही उंबऱ्यात. हाक मारली की ओ दिल्यासारखी बेंबटायची. दोन वर्षांनी माझ्या आवाजाला कुणीतरी येत होतं.

पाऊस लागला तसं मी त्यांच्यासाठी काय करू नि काय नको असं केलं. सकाळी उजाडतानाच बांधावरचं कोवळं, पाण्यानं निथळणारं हिरवं गवत कापून आणायचो. दुपारी खाचरांच्या कडेला चारायला सोडायचो. कान फाटलेली काळी मात्र माझ्यामागं कधी आली नाही. ती आपली उन्हं वर आली की एकटी कातळावर जायची, सवयीनं.

नागपंचमीच्या सुमाराला मेंढा सुस्त झाला. मग मेंढ्या. खायच्या, पण अंगी लागेना. चार पावलं चालल्या की उभ्या राहायच्या. एका सकाळी बघतो तर मेंढ्याच्या हनुवटीखाली पाण्याची पिशवी. मी बघितली आणि दुसरीकडं तोंड फिरवलं. दुकानातनं जंताच्या औषधाची बाटली आणली आणि ती पुरवायची म्हणून सगळ्यांना थोडी थोडी पाजली. मेंढा गेला. आठवड्यात एक मेंढी गेली. तेव्हा कुठं मी तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात फोन लावला.

डॉक्टरीणबाई स्कूटर खाली सडकेला लावून, चिखल तुडवत, रेनकोटात वर आल्या. आल्या आल्या तांबड्या डागाच्या मेंढीची पापणी ओढून मला म्हणाल्या, "आजोबा, इकडे या. काय रंग दिसतो?"

"पांढरा."

"हिच्या पोटात केसासारखे बारीक जंत आहेत. ते आतून रक्त पितात. रक्त संपत आलं की पापणी अशी होते आणि हनुवटीला पाणी उतरतं. चारता कुठं?"

"बांधावर. पयल्या उजेडाचं हिरवंगार घालतो. काय कमी केलं न्हाई म्या."

"तेच चुकलं. जंतांची अंडी लेंडीतून पडतात, त्यातून पिल्लं निघतात आणि ओल्या गवताच्या काडीवर चढून बसतात. गवत जेवढं ओलं आणि मऊ, तेवढी ती जास्त. ऊन-वाऱ्यानं वाळलं की खाली जातात."

माझ्या डोळ्यापुढं घरामागचा कातळ आला.

त्यांनी मेंढ्यांना वजनाच्या अंदाजानं पुरतं औषध पाजलं, आणि थोडं थोडं सगळ्यांना पाजल्याबद्दल मला चांगलं सुनावलं. तसं केलं की जंत मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात, असं म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या काळीकडं गेलं.

"ही कुणाची?"

"बायकोची. म्हंजे... व्हती."

"हिला औषध कधी दिलंत?"

"हिला कोण बघतंय?"

काळीला धरायला आम्हा दोघांना गोठाभर पळावं लागलं. पापणी ओढली. आत कुंकवासारखा लाल रंग. डॉक्टरीणबाई कितीतरी वेळ त्या पापणीकडं बघत राहिल्या. "काय आजी, काय खाता तुम्ही?" असं मेंढीलाच विचारलं. मग दोघींच्या लेंड्या दोन पिशव्यांत घालून नेल्या.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. तांबड्या डागाच्या मेंढीच्या लेंडीत काचेखाली अंडीच अंडी दिसली होती. काळीच्या लेंडीत शोधावी लागली. "सगळ्या जाती सारख्या नसतात, आजोबा," त्या सांगत होत्या. "माडग्याळी वाईट नाही. तिच्या मुलखात राणी आहे ती. पण तिच्या आज्या-पणज्यांना एवढी ओल आणि एवढे जंत कधी भेटलेच नाहीत. बंगालकडं खाडीच्या दलदलीत एक बुटकी मेंढी असते, गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते. तिला हे जंत फारसं काही करू शकत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या जगल्या त्याच उरल्या, म्हणून. तुमच्या काळीचंही तसंच दिसतंय. पण मेंढरांचा मुलूख नसताना हे आपोआप होत नाही. कुणीतरी निवडून ठेवल्यात या. कुणी?"

मी म्हणालो, "हाय घरातलंच कुणीतरी."

"आणि अशा काळ्या अजून किती आहेत?"

माझी जीभ कशी वळली, मला आजही कळत नाही. "हायत की. धा-बारा. वर रानात गेल्यात."

"एकही विकू नका!" त्यांचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता. "पाऊस संपला की मी बघायला येते."

फोन ठेवून मी ओसरीवर बसलो. पाऊस पडत होता. घरात मी एकटा, रान मोकळं, आणि माझ्या दहा-बारा मेंढ्या कुठंच नव्हत्या. वीस वर्षं एका बाईनं हनुवट्या बघून, माझी बोलणी खाऊन, एकेक निवडून जे जमवलं होतं, ते मी एका सकाळी टेम्पोत चढवलं होतं. उरली होती ती एक म्हातारी मेंढी. दात झिजलेली. फार तर अजून एक वेत.

माडग्याळीतल्या आणखी दोन गेल्या. तांबड्या डागाची तेवढी पुरत्या औषधानं उठली.

भादव्यात पाऊस जरा ओसरला तसा मी एसटीनं नसरापूरला गेलो आणि तिथून मिळेल त्या रिक्षानं भाटघरला. धरणाच्या भिंतीजवळचं घर म्हणून विचारत गेलो. ती बाई अंगणात मेथी निवडत बसली होती.

"कोण पायजे?"

"बाई, तुमी माझ्याकडनं मेंढा घेतलावता. काळा."

तिनं वर बघितलं. "आठवतंय की. तवा म्हणला व्हता, 'न्या न्या, खुजं हाय, नुस्तं खातंय.'"

"त्यो मला परत पायजे."

"परत? पाव्हणं, मेंढा हाय का उसनं नेलेलं घमेलं?"

"बदल्यात दुसरा देतो. मोठा."

"आन् देवाला काय सांगू? त्यो देवाला सोडलेला हाय. सुनेला दिवस जाऊ दे म्हणून बोलले व्हते. गेलं. आता चैतात यात्रंला त्यो देवाचा. देवाला म्हणू व्हय, थांबा, पासलीच्या बाबाचं मन बदललंय?"

मेंढा अंगणातच होता, आंब्याखाली. गळ्यात हळदीनं माखलेला दोर. मी न विचारता त्याच्याकडं गेलो, शिंगाला धरलं आणि पापणी ओढली. लाल.

"आवो, काय बघताय डोळ्यात? नजर लावताय का देवाच्या मेंढ्याला?"

मी तिला जंत, लेंड्या, डॉक्टरीणबाई, बंगालची मेंढी असं सगळं सांगू लागलो. ती मेथी निवडतच होती. शेवटी म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. तुमाला कशाला पायजे ते सांगा."

मी म्हणालो, "माझ्या बायकोनं वीस वर्षं सांभाळलेली मेंढरं व्हती. ती गेल्यावर म्या इकली." मग थोडा थांबलो. "चुकलं."

हा शब्द मी मास्तरांपुढं काढला नव्हता, बापापुढं नाही, बायकोपुढं तर कधीच नाही. भाटघरच्या एका अनोळखी अंगणात काढला. ती बाई उठली, आत गेली, चहा घेऊन आली.

मग म्हणाली, "मेंढी हाय का तुमच्याकडं?"

"एक. म्हातारी."

"महिनाभर आणून सोडा हितं. मेंढा द्यायची न्हाई म्या. पण एवढ्यानं देव काय रागवायचा न्हाई."

दोन दिवसांनी काळीला टेम्पोत घालून नेली. आंब्याखाली बांधून मी निघालो तेव्हा तिनं नेहमीप्रमाणं माझ्याकडं बघितलं नाही. महिन्यानं आणायला गेलो तेव्हाही नाही.

दिवाळीनंतर डॉक्टरीणबाईंचा फोन दोनदा वाजला. नाव उमटायचं. मी मोबाईल फडताळात ठेवून दार लावलं.

फाल्गुनात काळी व्याली. पाट झाली. काळीकुळकुळीत, कपाळावर तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं. त्या दिवशी मी घरात कितीतरी वेळ येरझाऱ्या घातल्या. सांगावंसं वाटत होतं कुणाला तरी. रविवार नव्हता. तांबड्या डागाची उंबऱ्यात उभी होती, तिला सांगितलं.

पण तिचंही ठरवायला हवं होतं. तिची हनुवटी सुजून उतरली होती, आणि परत पाऊस यायचा होता. तिला दुसरा पावसाळा दाखवायची माझी छाती नव्हती. कोरड्या मुलखात धाडावी तर धनगरांबरोबरच. गुंत्यात गुंता असा की त्यांचे कळपही आता आमच्याकडं वळत नाहीत. खालच्या खाचरांना पुण्याच्या लोकांनी तारेची कुंपणं घातलीत, बसवणार कुठं? वैशाखात मीच तिला घेऊन नसरापूरच्या अलीकडं सडकेला जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी एक कळप आला. त्यात काळी थोडीच, बाकी सगळी माझ्या मेंढीसारखीच उंच.

म्होरक्या धनगरानं तिच्या पाठीवर हात फिरवला. "बाबा, खोड काय हिच्यात?"

"खोड न्हाई. पाऊस सोसत न्हाई."

"मग हिला वेल्ह्याला आणली कुनी?"

"म्या."

तो माझ्याकडं बघून थोडा हसला. "काय घ्यायचं हिचं?"

"काय नको. तुमच्यातल्या एकीनं माझ्या बायकोला पाय वाकडं कोकरू दिलंवतं. तसंच हे."

कळप हलला तशी ती चार पावलं गेली, थांबली आणि मागं वळून बेंबटली. मी हाक मारली असती तर आली असती. म्हणून मी ओठ घट्ट मिटून उभा राहिलो आणि मागं टेम्पोचा हॉर्न वाजल्यावर ती पुढं गेली.

काळी म्हातारी ज्येष्ठात गेली. तिच्या वाट्याचं तिनं करून ठेवलं होतं. राहिलो आम्ही दोघं, मी आणि चार महिन्यांची पाट. भाटघरचा मेंढा तोवर देवाला पोचला होता. म्हणजे माझ्या बायकोच्या हातचं जे काही या जगात चालतं-फिरतं उरलं, ते ही एवढीशी पाट.

आता मी बायकोच्या रीतीनं वागलो. ऊन वर आल्याशिवाय दार उघडलं नाही. बांधाकडं फिरकू दिली नाही. कातळावर तिच्याबरोबर मीही, प्लॅस्टिकची खोळ घेऊन, बसून. आणि रोज सकाळी पापणी. आषाढात लाल. श्रावण लागला तेव्हा लाल. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी बघितलं तर गुलाबी.

दुसऱ्या दिवशी जास्त गुलाबी. हनुवटी चाचपली, सूज नव्हती, पण माझ्या बोटांवर माझाच भरवसा नव्हता. फडताळात औषधाची बाटली होती. पाजलं असतं तर पाट वाचली असती, पण ती स्वतःच्या जिवावर पाऊस काढते की नाही हे कधीच कळलं नसतं. न पाजता गेली असती तर सगळंच संपलं असतं. बायको असती तर ती थांबली असती. पण तिच्याकडं डझनभर होत्या. माझ्याकडं एक. मी बाटली काढायचो, ठेवायचो.

शेवटी फडताळातला मोबाईल काढला आणि डॉक्टरीणबाईंना मीच फोन लावला.

"आजोबा! फोन का उचलला नाहीत? त्या दहा-बारा काळ्या बघायच्या होत्या मला."

"बाई, एकच व्हती. तवा बी एकच. बाकीच्या म्या इकल्या व्हत्या. तुमास्नी खोटं बोललो."

पाऊसच ऐकू येत होता, त्यांच्याकडचा की माझ्याकडचा कोण जाणे. मग त्या म्हणाल्या, "आता किती?"

"तिची पाट. पापणी गुलाबी झालीया."

"खातेय?"

"खातीया. पळतीया बी. धरायला गुडघं फोडून घेतो म्या रोज."

"हनुवटी?"

"न्हाई."

"मग चार दिवस थांबा. कोवळ्या पिल्लाचं अंग जंतांशी पहिल्यांदाच झुंजत असतं, तेवढा रंग उतरतोच. पण रंग पांढऱ्याकडं झुकला तर एक क्षण थांबू नका, औषध पाजा. मेलेल्या मेंढीपासून काही पुढं चालत नाही. कळलं? हट्ट करू नका."

ते शेवटचं त्यांनी का म्हटलं असेल, मला कळलं.

चार दिवस कसे गेले ते सांगत नाही. तिसऱ्या दिवशी रंग तोच. चौथ्या दिवशी तोच, की जरा बरा, ठरवता येईना, डोळ्यांत पाणी येत होतं, वयामुळं. पाचव्या दिवशी पाऊस थोडा थांबला होता. दारात उजेडाला घेऊन बघितलं. लाल. भाटघरच्या मेंढ्याच्या होता तसा.

डॉक्टरीणबाई भादव्यात येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "आता हिला बाहेरचा मेंढा लावला तरी चालेल. पिल्लांतली जी पाऊस सोसतील ती ठेवायची, नाही सोसणार ती काढायची. पुन्हा तसाच कळप उभा राहील."

"किती वरसं लागतील?"

त्या अवघडल्या. "तुमच्या बायकोला किती लागली?"

"वीस."

मी त्यांना सडकेपर्यंत सोडायला गेलो.

वीस वर्षं माझ्याकडं नाहीत, हे मला हिशेब न करता कळतं. तरी रोज सकाळी गोठ्यात जातो. पाट आता चांगली भरलीय, पण अजून माझ्या हाकेला येत नाही. तिनं माझ्या बायकोला कधी पाहिलेलं नाही. तिच्या आईनं शिकवलं असेल, दुसरं काय. मी आत शिरलो की ती मान वर करते आणि माझ्या खांद्यावरून दाराकडं बघते. कधी कधी मीही वळून बघतो. मग तिला कोपऱ्यात धरतो आणि पापणी ओढतो.